साहेबाच्या गाडीची पूजा

२० जुलै २००२
सापडला! अथेन्समध्ये अतिरेक्यांची धरपकड झाली, त्यात अमेरिकन साहेबाच्या गाडीखाली बॉम्ब ठेवून माझ्या मनोहरचा जीव घेणाराही आहे. टीव्हीवर पाहिला. पोट सुटलंय. एवढी वर्षं मेल्यानं पोटभर जेवून काढली!

दिगंबरभावोजी धावत आले. अथेन्सच्या त्या अमेरिकन ऑफिसात मनोहर आणि भावोजी, दोघंच भारतीय. नंतर आम्हाला टेक्सासला आणलं, हिमानीला सायकल शिकवली, सगळं यांनीच. "वहिनी, टॉपचा वकील हायर करू," म्हणाले.

२३ जुलै
हिमानीचा रेडमंडहून फोन. "आई, दे हॅड देअर रीझन्स टू हेट अमेरिका." वा! लेक शिकली! ग्रीसमध्ये सात वर्षं लष्करानं राज्य केलं, माणसं तुरुंगात कुजवली आणि अमेरिकेनं त्याच लष्कराच्या पाठीवर हात ठेवला. सरकारं दोस्त राहिली, लोक पेटले. मला का ठाऊक नाही? रोज बाजारात जाताना भिंतींवर वाचायचे — अमेरिकनांनो, चालते व्हा! राग खरा होता त्यांचा. पण मनोहर सांगलीचा! फोन आपटला.

४ ऑगस्ट
एक्क्याऐंशीचा तो दसरा. मनोहरला गाड्यांच्या पूजेची हौस. साहेबालाही मजा वाटली — "डू माइन टू!" एरवी त्याची गाडी कुलपात, पहाऱ्यात. आदल्या संध्याकाळी धुऊन फाटकाबाहेर ठेवली, रात्रभर तिथेच राहिली. सकाळी हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबावरून गाडी न्यायला मनोहर आत बसला. मी तबक धरून उभी होते.

पुढचं लिहवत नाही.

५ ऑगस्ट
फाशी हवी त्याला. तिथे फाशीच नाही म्हणे!

१२ सप्टेंबर
अथेन्सहून वकीलबाईंचा फोन. खुनाचा खटला भरायची वीस वर्षांची मुदत गेल्या वर्षी संपली. बाकीचे खटले चालतील, मनोहरचा नाही. खुनालाही एक्स्पायरी डेट! दिवसभर घरात येरझारा घातल्या, भाजी करपली.

भावोजींसमोरच बाईंना परत फोन लावला. म्हटलं, शिक्षा नाही तर नाही, आता बोलायला त्याला कसली भीती? विचारा — साहेबाची गाडी त्या रात्री बाहेर राहणार, हे तुला कुणी सांगितलं? त्यालाही सोडणार नाही मी.

भावोजी चहा तसाच टाकून गेले. बीपी वाढलं असावं.

३ ऑक्टोबर
उत्तर आलं. कॅफेत एक भारतीय रोज त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. मनोहरच्याच ऑफिसातला. आदल्या दुपारी कौतुकानं सगळ्यांना सांगत होता — उद्या आमचा सण, साहेबाचीसुद्धा गाडी आज रात्री बाहेर!

दोघंच होते. दोघंच.

४ ऑक्टोबर
मुद्दाम नाही केलं, कळतंय मला. कळून काय करू?

१५ ऑक्टोबर, दसरा
भावोजी आले. आत येईनात. "वहिनी, त्या दिवशी मी कॅफेत —" म्हणाले. त्यांनाही ठाऊक झालंय तर.

मी हिमानीचा नंबर फिरवला. "आधी तिला सांगा," म्हटलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून ती खुशीत ओरडली, "काका! हॅपी दसरा!"