हाताच्या उंचीचा पाट

माझ्या लेकीची कदेल, तिची बसायची खुर्ची, तू मागच्या पडवीत ठेवलीस, रस्त्याकडे पाठ करून, येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दिसू नये म्हणून. फणसाच्या लाकडाची कदेल स्वतः घडवलीस, तिच्या हातांना टोचू नये म्हणून घासून गुळगुळीत केलीस, आणि तोंड मात्र गोठ्याकडे. हे मी अजून गिळलेलं नाही. बरा आहेस ना, बाबा? मेलेल्याला असं विचारतात की नाही, ठाऊक नाही. मी चौथीपर्यंतच शिकले, तेही तूच थांबवलंस.

तर ऐक. तुझ्या त्या नातीच्या पायांत अजून जीव नाही, पण केस पिकायला लागलेत. डिचोलीला एक कारखाना आहे, तिच्यासारखी मोठी माणसं तिथे कापडी पिशव्या शिवतात. मी रोज तिच्याबरोबर गाडीतून जाते आणि दिवसभर दाराशी राखण करत बसते. यंदा मागच्या पडीक जागेत बाग करायची ठरली. पणजीहून एक मुलगी आली, बागा आखणं हेच तिचं काम म्हणे. नार्व्याच्या कुळागरवाल्याची, माडा-पोफळीच्या बागवाल्याची लेक मी, मला ही काय दाखवणार! म्हटलं, "बाये, चार केळी लाव, आबोली लाव आणि मोकळी हो." ती हसली आणि खडू काढला. एकेकाला भिंतीशी नेलं, हात पुढे करायला लावला, पोचला तिथे रेघ मारली. त्या रेघांच्या मापाने चिऱ्यांचे वाफे बांधून घेतले, कुणाचा मांडीला, कुणाचा छातीला, खाली खुर्चीतल्या माणसाचे गुडघे शिरतील एवढी पोकळी ठेवून. आणि टाकीपासून वाफ्यावाफ्याला पाणी नेणारा पाट, आपल्या कुळागरातल्यासारखाच, फक्त जमिनीवर नाही, हाताच्या उंचीवर.

बाबा, तू आयुष्यभर जमिनीपुढे वाकलास. शेवटी तुझी पाठ सरळ होईना, तसाच वाकडा नेला तुला. आणि इथे जमीनच उठून माणसाच्या हाताशी आली. मी बघतच राहिले.

आज पहिलं पाणी सोडायचं काम तुझ्या नातीला दिलं. ती बोटांनी मातीचा बांध फोडते. पाणी अडतं, वळतं, वालाच्या वाफ्यात शिरतं. ती कोपरापर्यंत भिजते आणि दुसरा बांध फोडते. मी ओरडले, "पुरे गे, सर्दी होईल!" शेजारच्या वाफ्यावर तुळस चाचपत एक आंधळा गडी होता, तो म्हणाला, "आजये, आणखी बोंब मार, झाडां भिवन तरी वाडतली." सगळे हसले. ती हसली नाही. तिचा एकेक शब्द ओढून काढावा लागतो. म्हणाली, "आई. तू घरा वच. फाल्यां येवं नाका."

घरी जा, उद्या येऊ नको म्हणते. पण उद्या सकाळी गाडी दाराशी येईल. मी चढू की नको? ती पडेल याची भीती आहे असं सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे रिकाम्या घरात दिवसभर मी करू काय, ही भीती आहे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं तेही ठाऊक नाही, तेव्हा इथेच राहील. पण उत्तर तू देऊ नकोस. तुझं मला पाठ आहे. माझ्या आईला विचार, तीही तिथेच आहे ना, आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नकोस.