प्रूइटचा झरा

मी, एल्डन प्रूइट, वय अडुसष्ट, राहणार टिंडर फ्लॅट, नेवाडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. याआधी मी दुसरं केलेलं नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं कामातून गेली आहेत, पण सही त्यांना करायची नाही. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, असं म्हणायची रीत आहे. मी छत्तीस वर्षं दडपणाखालीच आहे, फक्त ते दुसऱ्या कोणाचं नाही.

१. माझं घर आणि पत्र्याची शेड माझी मुलगी ग्लेनिस, राहणार रीनो, हिला द्यावी. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनंच करावी. घर तिनं विकून टाकावं, इथे राहायला येऊ नये. दर नाताळात ती फोनवर विचारायची, "बाबा, अकरा माणसांच्या त्या गावात तुमचं काय पुरलंय हो?" मी म्हणायचो, "इथली हवा मानवते." तिचं लग्न शनिवारी होतं आणि बाप लग्नाला गेला नाही. कारण कलम ४ मध्ये आहे. पोरी, ते वाचून मग काय बोलायचं ते बोल.

२. माझे पाने दुकानदार बर्ट लोमॅक्सला द्यावेत. सगळ्यात मोठा पाना त्यानं १९७९ साली दोन दिवसांसाठी नेला होता. आता संच पूर्ण होईल.

३. या भागाचे चार नकाशे माझ्याकडे आहेत: १९०८, १९५६, १९७१ आणि १९८६ सालचे. पहिला ज्यानं केला तो घोड्यावरून हिंडला आणि जे दिसलं तेवढंच त्यानं काढलं. काळ्या कड्याच्या पायथ्याशी त्यानं जागा कोरी सोडली आहे. पुढच्या तिन्हींत त्याच जागी बारीक निळं वर्तुळ आहे आणि शेजारी छापलंय, 'प्रूइटचा झरा'. नाव माझं आहे. झरा नाही.

४. १९५४ साली मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मोजणीदारांची खेचरं हाकत होतो. एप्रिलमध्ये कड्याखाली वितळलेल्या बर्फाचं पाणी झिरपत होतं. साहेब म्हणाले, "ऑगस्टात जाऊन बघून ये. तेव्हाही पाणी असेल तरच निळं काढू." ऑगस्टात मी निघालो, अर्ध्या वाटेवर जुनिपरच्या सावलीत बियर प्यायलो, झोपलो आणि परत आलो.

"आहे का रे पाणी?"

"आहे की, साहेब. भरपूर."

"लोक काय म्हणतात त्याला?"

"प्रूइटचा झरा."

कोणी काही म्हणत नव्हतं. मला नकाशात नाव हवं होतं.

१९६७ च्या जुलैत पेयो उर्रुतियाची गाडी तिकडे बंद पडली. पेयो मेंढपाळ, स्पेनच्या डोंगरांतून आलेला. खिशात १९५६ चा नकाशा होता. शोधायला आम्ही चौघं वेगवेगळ्या दिशांना गेलो आणि तो मला मेलेला सापडला. तो बरोब्बर त्या निळ्या वर्तुळावर होता. वाळूत कोपरभर खड्डा खणलेला, नखं गेलेली. मी त्याला खेचरावर घातलं आणि गावात सांगितलं, "तीन मैल अलीकडे ओहोळात पडला होता. वाट चुकला बिचारा."

तेव्हापासून बर्ट दुकानात येईल त्याला सांगतो, "नकाशा नीट धर रे, नाहीतर पेयो होशील!" मीही हसलो आहे. दोनदा तर पेयोची बायको मायते तिथेच पीठ मोजून घेत होती.

त्या वर्षापासून दर शनिवारी मी दोन पिंपं पाणी तिथे मीच ठेवलेल्या लोखंडी टाकीत ओतून येतो. लोकांना वाटतं, हरणांसाठी. मला 'हरणांची आई' म्हणतात. पाटी लावली असती तर का लावली हे सांगावं लागलं असतं. गाव सोडलं असतं तर टाकी आटली असती, आणि पुन्हा कोणीतरी नकाशावर भरवसा ठेवून तिथे गेलं असतं. बोलताही येईना आणि निघताही येईना. मी भित्रा माणूस आहे. याला दुसरं नाव नाही.

५. कलम ४ ची नक्कल ग्लेनिसनं नकाशांच्या कचेरीत पाठवावी आणि झरा पुसला जाईपर्यंत त्यांच्या मागे लागावं. चारही नकाशे बर्टनं दुकानात लावावेत, १९०८ चा मधोमध. त्याच दिवशी त्यानं कलम ४ सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावं. मध्ये विनोद करू नये.

६. टाकी आणि पिंपं मी कोणालाच देत नाही. ही धोंड दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचा मला हक्क नाही. ग्लेनिसला तर सक्त मनाई आहे. नकाशा सुधारायला वर्षं लागतील. तोवर पाणी कोण नेणार, हे मला लिहिता येत नाही.

७. साक्षीदाराला काही देऊ नये, असं वकील म्हणतो. म्हणून मायते उर्रुतिया हिला मी काहीही देत नाही. तिनं हे माझ्यासमोर बसून वाचावं, एवढ्याचसाठी तिला साक्षीला बोलावलं आहे.

टिंडर फ्लॅट, गुरुवार, ९ ऑक्टोबर २००३.
सही: एल्डन प्रूइट

साक्षीदार:
रूबेन स्टाउट, टपालवाला. समक्ष सही केली.

मायते उर्रुतिया. सगळं वाचलं, दोनदा वाचलं, मग सही केली. माझा नवरा वाट चुकला नव्हता. एल्डनला मी माफ केलेलं नाही, हेही इथेच लिहून ठेवते. परवा शनिवार आहे. पिंपं माझ्या गाडीत चढवून द्यावीत.