बिनआवाजाची गाडी

झानेल,

तू आणि बाळ गाढ झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. तळलेले बाउरसाक-वडे झाकून ठेवलेत, बाबांना चहाबरोबर दे. मी गाडी घेऊन रुस्तेमच्या गॅरेजला चाललोय. सायलेन्सरला परवा बसवलेला तो व्हॉल्व्ह काढायचा की ठेवायचा, माझं मलाच कळत नाहीये.

गाडीच्या गुरगुराटाने बाळ दचकतं, असं तू म्हणालीस. बाबाही रोज ओरडायचे, "आला रणगाडा!" म्हणून तर बसवला. बटण दाबून व्हॉल्व्ह बंद केला की धूर सायलेन्सरमधून फिरून जातो आणि गाडी मांजरासारखी चालते. मला वाटलं, आता सगळे खूश.

काल संध्याकाळी तसाच गुपचूप फाटकातून आत वळलो, तर समोर बाबा! त्यांच्या गुडघ्यापासून वीतभरावर गाडी थांबली. ते बॉनेट चाचपत म्हणाले, "तू आहेस होय? आवाज आला नाही, म्हणून बघायला आलो."

बघायला! डोळे जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बघायला!

वर मलाच दम दिला, "सुनेला सांगू नकोस. ती मला अंगणातही जाऊ द्यायची नाही."

मग रोज शिव्या कशाला घालायचे, झानेल?

त्यांना काही बोलू नकोस. फाटकापाशी गेले तर जाऊ दे. व्हॉल्व्हचं काहीही ठरो, आज गाडी कोपऱ्यावर लावीन आणि शीळ घालत चालत येईन.

एल्दोस