विहीणबाईंची शाल

विहीणबाईंना वाकून नमस्कार. (पत्रातच वाकते. खरी वाकले तर उठवायला माणूस लागेल.) तुमचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन झालंय म्हटल्यावर घाई अजिबात करू नका. चांगले सहा महिने पाय लांब करून बसा आणि थोरल्या सुनेच्या हातचं खा. इकडे आम्ही मजेत आहोत, तुमच्यावाचून काही अडत नाही, तेव्हा काळजी नसावी. अक्षर सांभाळून घ्या, शाळेचं आणि माझं चौथीतच फाटलं. फोनच केला असता, पण या घरात गॅलरीत कुजबुजलं तरी मोरीत ऐकू जातं, आणि तुमची सून सध्या मोरीतच असते. म्हणून हे पत्र तुमच्या मुलाबरोबर पाठवतेय. ट्रक घेऊन तुमच्याच गावावरून जायचंय त्याला. पाकिटाला डिंक भरपूर लावलाय, फोडलेलं दिसलं तर त्याचा कान धरा.

तुमची सून म्हणजे माझी लेक, याची हल्ली लोकांना मलाच आठवण करून द्यावी लागते. तिला तिसरा महिना लागलाय. सकाळी डोळा उघडला की उमासे सुरू. कांदा नको, साबण नको, चहा नको, नवऱ्याच्या डोक्याचं तेल नको. (तुमचा मुलगा दारातच डोकं धुऊन आत येतो. एवढा वळणात मी त्याला कधी बघितला नव्हता.) शेवटी मी शेगडी उचलून गॅलरीत नेली. तर वरच्या मजल्यावरची बाई कठड्यावरून ओणवी होऊन म्हणते, तुमचा कांदा आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरतो. म्हटलं, शिरू दे की, तुमच्या कपड्यांची चौकशी करणारं कुणी तरी आहे. तेव्हापासून जिन्यात भेटली की भिंतीकडे बघत उतरते.

आता ठमीचं ऐका. तुमची नात दोन वर्षांची झाली, पण अक्कल म्हाताऱ्या माणसाची आहे. आई ओकायला लागली की ही आपली खेळण्यातली बादली घेते, शेजारी उकिडवी बसते आणि घशातून तसाच आवाज काढते. पहिल्यांदा मी घाबरले. पायात एक चप्पल माझी आणि एक लेकीची अशी डॉक्टरकडे पळाले. तिथे पोरीने डॉक्टरांच्या टेबलावरचं बिस्किट खाल्लं आणि अजून मागितलं. माझं सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, आजीबाई, हिला काही झालेलं नाही. आईच्या पाठीवरून तुमचा हात फिरताना बघितलाय, हिलाही तो हवाय. जळतेय हो ती. एवढ्याशा जिवाला जळणं कसं येतं, शिकवलं कुणी, देव जाणे. आता रोज सकाळी मी मोरीच्या दारात बसते, एक हात लेकीच्या पाठीवर, एक ठमीच्या पाठीवर, आणि गॅलरीत दूध उतू जातं.

बरं, हात फिरवून घेते म्हणून पोर माझी झाली का? नाव नको. मी इथे आले त्या पहिल्या दिवशी लेकीने सांगितलं, ही तुझी दुसरी आजी. ठमीने त्यातली आजी तुमच्यासाठी राखून ठेवली आणि मला नुसतं 'दुसरी' केलं. दुसरी, पाणी. दुसरी, शी. परवा भाजीवाल्यासमोर 'दुसरी, उचल' म्हणाली, तर तो माणूस वांगी तोलायचा थांबला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायला लागला. जेवायला बसवलं की तुमचंच पुराण. आजी भाताचा ट्रक करते. मी केला भाताचा ट्रक. तो ट्रकसारखा नाही म्हणे. अहो, भाताचा गोळा तो, त्याला चाकं लावू का? तुम्ही काय जादू करता ते एकदा सांगा. नाही, सांगू नका. मला जमणार नाही आणि अजून राग येईल.

पण पोरीचं एक वेळ सोडा. माझी लेक, नऊ महिने पोटात वागवलेली, ती तुमची इथे राहिलेली तपकिरी शाल नाकाला लावून झोपायची. म्हणायची, आईंच्या शालीचा वास आला की पोट जागेवर राहतं. आई म्हणजे तुम्ही. मलाही आई म्हणते, पण ते 'आई, जरा लांब बस, तुझ्या अंगाला सोड्याचा वास येतो' असं. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चादरी उकळून मी हिला वाढवली. तेव्हा याच वासाच्या कुशीत शिरून झोपायची, आता उलटी होते.

मंगळवारी मी ती शाल हातात घेतली. एका टोकाला दूध, एका टोकाला ठमीचं नाक, मधलं विचारू नका. आमच्या खात्यात असला कपडा आला की कुणाचा म्हणून बघत नाहीत, थेट उकळीत. माझे हात सवयीने चालले. मोठं पातेलं, सोडा, वरून काठीने ढवळणं. (लोकर उकळायची नसते हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात. मग तुला आठवलं कसं नाही, असं लेकीने विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका.) शाल बाहेर आली ती हातरुमालाची थोरली बहीण, आणि इतकी कडक की टेकवून ठेवली तर उभी राहील. लेकीने ती नाकाला लावली आणि तशीच मोरीकडे गेली. ठमी दिवसभर रिकाम्या उशीवर थापट्या मारत होती, आजी नाही, आजी नाही.

लेक भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण मला जमतं. त्या दिवसापासून पाण्याचा घोटसुद्धा तिच्या पोटात ठरत नाही, ओठ सुकलेत. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर भरती करून सलाईन लावावी लागेल.

बाकी सगळं ठीक. थोरल्या सुनेला आशीर्वाद.

तुमची विहीण

ता.क. सध्या अंगावर जी शाल घेता ती मुलाबरोबर पाठवा. धुऊ नका, झटकूसुद्धा नका. जमलं तर आदल्या रात्री पांघरून जरा घाम येऊ द्या. पिशवीला गाठ मारा आणि ट्रकात डिझेलच्या डब्याजवळ ठेवू देऊ नका. तुम्ही आपण होऊन पाठवली असं मी घरात सांगणार आहे, तुम्हीही तेच सांगा.

आणखी ता.क. शाल नको. दुसरी शाल आली तरी माझ्या हातांचा भरवसा नाही. तुम्हीच या. गुडघा इथेही बरा होतो, ते सहा महिन्यांचं मी उगाच लिहिलं. ट्रकात पुढे बसा, जिन्यावरून मी आणि तुमचा मुलगा खुर्चीत घालून वर आणू. पलंग तुमचा. ठमी तुमच्या कुशीत झोपू दे, लेक तुमच्या खांद्याला नाक लावून बसू दे, मी गॅलरीत भात बघेन. फक्त सकाळी मोरीच्या दारात मीच बसणार, तिथे तुम्ही यायचं नाही. ओकताना तिला कुणाचाच वास येत नाही. तेवढा वेळ ती मला लांब बस म्हणत नाही.