सात मुलं, सात तक्ते

१५ जून १९३१
शाळेचं नवं वर्ष सुरू. विलायती मासिकात वाचलं की बहिऱ्या-मुक्या मुलांना सगळ्यांना एकाच मापाने शिकवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. प्रत्येकाला स्वतंत्र अभ्यासक्रम हवा. मला हे वाचायच्या आधीपासूनच वाटत होतं. आमच्याकडे मुलं सात, म्हणजे सात स्कीमा. अख्ख्या मुंबई इलाख्यात कोणी केलं नसेल.
गेलं वर्षभर मी ऑफिस सांभाळलं आणि शिकवणं सगळं शांतम्माबाईंकडे होतं. यंदा दुपारचे वर्ग मी स्वतः घेणार. हेडमास्तराने मैदानात उतरलंच पाहिजे.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून तक्त्यांचं काम.

१६ जून
गिरणीच्या दुसऱ्या भोंग्याला जाग आली. तक्ता राहिला. मिशांना मेण लावण्यात वेळ गेला, पण तो गेला असं म्हणता येणार नाही. संस्थेचं वजन असतं ते.

२२ जून
मंद्रूपचा बिरप्पा धनगर मुलीला घेऊन आला. मायाक्का, वय दहा. चौथ्या वर्षी तापात कान गेले, मग बोलणंही बंद पडलं. गेल्या वर्षीपासून आमच्याकडे आहे. बिरप्पाच्या मिशा झुपकेदार आहेत, पण निगा नाही.
तो म्हणाला, गुरुजी, पोरीबिगार हिची आई झुरतीय. दिवाळीपतूर ठेवतो. तवर मी बोललेलं हिला कळाय पायजे. न्हाय कळलं तर घिऊन जातो, मेंढरामागं फिरंल आमच्यासंगं. मी म्हणालो, दिवाळी कशाला, दसऱ्यालाच तुझ्याशी गप्पा मारेल. शब्द दिला.
बाप जायला निघाला तशी पोर दाराआड जाऊन उभी राहिली. नेतो की काय, अशी भीती. शांतम्माबाई म्हणाल्या, हिला इथेच राहायचंय हो, तेवढं बघा. त्या मुंबईला या कामाचं शिक्षण घेऊन आल्या आहेत. अशा माणसांना भावना फार.

२९ जून
माझा पहिला वर्ग. मेथड शुद्ध ओरल. खाणाखुणा बंद, फळ्यावर लिहून दाखवणं बंद. मास्तराने हात पाठीमागे बांधून बोलायचं आणि मुलांनी ओठांवरून ओळखायचं. मी तासभर अस्खलित बोललो. विषय: सूर्यमाला.
मुलं टक लावून पाहत होती. एकाग्रता विलक्षण. प्रश्न विचारल्यावर मात्र एकही उत्तर नाही. पहिला दिवस, बुजली असतील.

११ जुलै
सातही तक्ते तयार. तीन रंगांची शाई. भिंतीवर लावले. भीमाच्या तक्त्यात चंचलपणावर उपाय, हरिबाच्या तक्त्यात स्मरणशक्तीवर. मायाक्काच्या तक्त्यात लिहिलं: जुलै वाक्ये, ऑगस्ट गोष्टी, सप्टेंबर संभाषण.
आमच्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब येऊन पाहून गेले. फार खूश. मुलं कशी आहेत ते विचारायचं त्यांच्याही लक्षात राहिलं नाही.

२० जुलै
सूर्यमाला सोडली. 'पाणी' एवढाच शब्द घेतला. शंभर वेळा म्हणालो. मुलं एकमेकांकडे बघतात आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवतात. तहान मलाच लागली.
मायाक्का वर्ग संपल्यावर जवळ आली. कागदाची एक पट्टी माझ्या तोंडापुढे धरून तिने आपले गाल फुगवले आणि सोडले. पट्टी हलली. मग ती माझ्याकडे बघत राहिली. उकाडा फार आहे, पोर वारा घालत होती. गुरुसेवा या मुलांत उपजत आहे.

२७ जुलै
मायाक्काच्या तक्त्यात दुरुस्ती. 'वाक्ये' खोडून 'शब्द'.
शांतम्माबाई म्हणाल्या, माझ्या वर्गात ती वाक्यं ओळखते, बोलतेही. मी म्हणालो, तुमचा वर्ग सकाळचा. तेव्हा डोकं ताजं असतं. दुपारी भाकरी खाऊन पोरं जड होतात. उद्यापासून वेळा बदलू. त्या काहीतरी सांगणार होत्या, माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या. माझ्यापुढे माणसं थोडी दबतात.

३ ऑगस्ट
सकाळचे वर्ग मी घेतले. मुलं सकाळीही जड. दुपारी शांतम्माबाईंच्या वर्गात खिदळत होती. यंदा सोलापूरची हवाच विचित्र आहे.

१७ ऑगस्ट
मायाक्काने आज माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि घोगऱ्या आवाजात 'आ' केलं. मग तोच हात माझ्या गळ्यावर ठेवून माझ्याकडे आशेने पाहिलं. घसा धरला असणार. सौ.ला सांगून मिठाच्या गुळण्या करवल्या. पोरीने केल्या, पण तोंड वाकडं करून.
नंतर मी शांतम्माबाईंचा वर्ग तपासायला गेलो तर भीमाने पहिल्या बाकावर मला जागा करून दिली. हरिबाने आपला लहान आरसा माझ्यापुढे ठेवला. असा मान मला हायस्कुलातही मिळाला नव्हता.

५ सप्टेंबर
'शब्द' खोडून 'अक्षर'.
सौ.ला विचारलं, माझा आवाज कसा आहे. ती म्हणाली, खणखणीत. मग अडतंय कुठे. ती म्हणाली, बहिऱ्यांना खणखणीतचं काय करायचंय. घरात शास्त्रीय चर्चा करू नये.

१ ऑक्टोबर
'अक्षर' खोडून 'स्वस्थ बसणे'. हे मात्र मायाक्काला उत्तम जमतं. प्रगती शंभर टक्के. आबासाहेबांना तसा रिपोर्ट.

२० ऑक्टोबर, दसरा
मुलांनी सोनं दिलं. मायाक्काने मला दोनदा दिलं आणि पाठीवर थोपटलं. मोठ्यांच्या पाठीवर थोपटू नये हे तक्त्यात घालायला हवं.
बिरप्पाला दसऱ्याचा शब्द दिला होता. पण त्याने स्वतः दिवाळी म्हटली होती, तेव्हा मुदत तीच धरावी.

४ नोव्हेंबर
आज बिरप्पा आला. वाईट दिवस. मग बरा. मग पुन्हा वाईट. क्रमाने लिहितो.
आबासाहेबही मुद्दाम आले होते. मायाक्काला मध्ये उभं केलं. बिरप्पा तिच्याशी बोलला. पोर बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. काही नाही. तो पुन्हा बोलला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मदत म्हणून तेच वाक्य म्हणालो. काही नाही. तिचे डोळे भरले. बिरप्पा म्हणाला, ऱ्हाऊ द्या गुरुजी, तिचा दोष न्हाय, आमचं नशीब. आणि तिचं गाठोडं मागितलं.
तेव्हा शांतम्माबाई पुढे झाल्या आणि मायाक्काला म्हणाल्या, तुझे बाबा विचारतायत, आई आठवते का. पोर लगेच मोठ्याने म्हणाली, आटवती. रोज आटवती.
बिरप्पाने विचारलं, बाई, तुमचं कळतं मग माजं का न्हाय. शांतम्माबाई म्हणाल्या, दादा, ती ओठ बघून ओळखते. तुमचे ओठ मिशांखाली गेलेत. तिला तुमचं तोंडच दिसत नाही.
बिरप्पाने मिशांवरून हात फिरवला. एवढंच व्हय, म्हणाला, आणि चालता झाला. आबासाहेबांनी त्याला हाक मारली, अरे, गावात काय म्हणतील, बाप गेल्यावर काढतात मिशा. तो म्हणाला, माजा बाप जाऊन लई दिस झालं. आता काडल्या तर त्याला काय राग येतोय.
नवी पेठेच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडून परत आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. मायाक्कानेही आधी ओळखलं नाही. मग तो गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, मायाक्का, घरला येतीस का हितंच ऱ्हातीस. ती त्याच्या ओठांकडे बघत होती. तिने बोट पुढे करून ते चाचपलेही. मग म्हणाली, सुट्टीला येती. मग हितं ऱ्हाती. बिरप्पा पटक्याच्या शेवाने डोळे पुसत किती वेळ बसला होता. माझेही डोळे पाणावले. धूळ फार उडते या दिवसांत.
मुलगी राहिली. स्कीम यशस्वी.
त्यानंतर मात्र सगळे माझ्याकडे बघत होते. विशेषतः नाकाखाली.

५ नोव्हेंबर
आबासाहेब म्हणाले, गुंडोपंत, दिवाळीनंतर तुम्ही ऑफिस पाहा, शिकवायचं शांतम्माबाई बघतील. मी म्हणालो, आणि तक्ते? ते म्हणाले, तक्ते राहू द्या भिंतीला, ओल झाकली जाते.
मिशांचा यात काही संबंध नाही. बिरप्पाच्या मिशा अस्ताव्यस्त होत्या. माझ्या मेण लावून वर वळवलेल्या.

६ नोव्हेंबर
दार लावून आरशासमोर उभा राहिलो आणि 'पपई' म्हणालो. काही हललेलं दिसलं नाही. आरसा जुना आहे.
सौ.चा आरसा आणला. पपई, पाणी, भाकरी, बाबा. मिशा तेवढ्या किंचित थरथरल्या. मग सबंध सूर्यमाला म्हणून पाहिली. आरशातला माणूस हात मागे बांधून नुसता उभा होता. मला त्याचा राग आला. मग लाज वाटली.
तरीही काढणं शक्य नाही. माझे वडील, नाना, बार्शीला ठणठणीत आहेत. रोज दोन मैल चालतात. बाप जिवंत असताना मिशा काढणं म्हणजे काय ते लोकांना कोण समजावणार. शिवाय ऐन दिवाळीत.
उन्हाळ्यात विचार करू.

७ नोव्हेंबर
काढल्या.
न्हाव्याने वस्तरा लावण्याआधी हात जोडले आणि विचारलं, कवा गेले.

८ नोव्हेंबर
सकाळपासून माणसं. शेजारच्या निंगव्वा पिठलं-भाकरी घेऊन आल्या, म्हणाल्या, घरात चूल पेटवू नका. मी सांगितलं की नाना सुखरूप आहेत. त्या म्हणाल्या, व्हय की, आता सुकातच हाईत ते. पलीकडच्या गल्लीतून सौ.च्या नावाने कोणी गळा काढला. सौ. आतून ओरडली की मी काही रडणार नाही, चकल्या तळतेय. त्यामुळे तिची वेगळीच चर्चा झाली.

१० नोव्हेंबर
नाना स्वतः गाडीने आले. बार्शीत त्यांच्या घरी दोघेजण भेटायला गेले होते आणि दार त्यांनीच उघडलं. मला पाहून म्हणाले, मी मेलो ते मला कळवायची पद्धत नाही का. फराळ भरपूर केला. जाताना म्हणाले, तुझा वरचा ओठ आईवर गेलाय, तीस वर्षांनी पाहिला. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

२३ नोव्हेंबर
शाळा सुरू. आबासाहेबांकडून एका वर्गाची परवानगी मागून घेतली. एकच.
वर्गात गेलो. मुलं खालीवर बघू लागली. हात मागे बांधले आणि म्हणालो, पाणी.
हरिबा उठला आणि तांब्या भरून घेऊन आला.
मी म्हणालो, भीमा. भीमा उभा राहिला. मी म्हणालो, दार लाव. दार लागलं. जूनपासून मी हेच बोलत होतो.
तेवढ्यात मायाक्का बाकावरून उडी मारून पळाली आणि शांतम्माबाईंना हाताला धरून ओढत घेऊन आली. माझ्याकडे बोट करून ओरडली, बाई, बाई, मोटं गुरुजी बोलाया शिकलं.
शांतम्माबाईंनी पदर तोंडाला लावला. मी खुलासा मागितला. फार खोदल्यावर म्हणाल्या, रागवू नका. हात बांधून नुसते उभे राहता, तोंड हलत नाही, म्हणून मुलांना वाटलं की तुम्हीही मुकेच आहात आणि या वयात तुम्हाला कुठेच घेत नाहीत म्हणून इथे ठेवलंय. मी समजावलं, पण त्यांना पटलं नाही. मायाक्काने तुम्हाला शिकवायचं मनावर घेतलं होतं. आधी पट्टी, मग गळ्यावर हात, मग आरसा. तुम्ही गुळण्या करायला लावल्या तेव्हा ती दोन दिवस रुसली होती. तरी सोडलं नाही तिने.
मुलांनी मला मध्ये बसवलं. मायाक्काने मंद्रूपहून आणलेल्या शेंगा काढल्या, सगळ्यांना थोड्या आणि मला ओंजळभर. मग माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून घेतला, कागदाची पट्टी माझ्या तोंडापुढे धरली आणि सावकाश, एकेक अक्षर सोडवत म्हणाली, भा, क, री.
मी म्हणालो, भाकरी.
तिने मान हलवली. पुन्हा म्हणायला लावलं.