घडांना कागद

अप्पा,

मी कुवेत सोडते आहे. खैतान भागातल्या खोलीत बॅग भरून ठेवली आहे, इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, रद्द करायला दिला आहे, आणि स्वीडनच्या दक्षिणेला एका द्राक्षबागेत वाइन बनवायची नोकरी घेतली आहे. तुम्ही असता तरी परवानगी मागितली नसती, हे आधीच सांगते.

वाइन बनवायला शिकते म्हणाले, तेव्हा तासगावच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही ताट बाजूला सारलं होतंत. "आपली द्राक्षं खायाची, न्हाईतर बेदाणा करायचा. दारू गाळणारी पोरगी माझ्या घरात नको." मी म्हणाले, "गाळत नाहीत अप्पा, आंबवतात." "लई शाणी हैस," म्हणालात आणि विषय संपवलात. मग मी सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं, आणि कुवेतला येऊन शर्क भागातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवीचे नमुने तपासू लागले. तुम्ही गेल्यावर वाइनचा अभ्यास ऑनलाइन पूर्ण केला.

मुलाखत व्हिडिओवर झाली. बागेच्या मालकीणबाईंनी वेलीवरचा कोवळा घड दाखवून विचारलं, "याला जपायचं तर काय कराल?" मी थांबलेही नाही. म्हणाले, "कागद गुंडाळीन." त्या इतक्या हसल्या की फोन हलायला लागला. "उन्हापासून वाचवताय? ऊन लागावं म्हणून आम्ही घडाजवळची पानंसुद्धा खुडतो!" आणि मला तुम्ही दिसता, मंडपाखाली, काखेत रद्दीचा गठ्ठा. "आवळू नको गं, वारं लागू दे त्याला," म्हणत माझी बोटं सैल करताय. मी त्यांना शांतपणे सांगितलं, आमच्याकडे घड उन्हानं भाजतो, वडिलांनी तसं शिकवलं. तुमच्या स्वीडनच्या थंडीत साखर कमी भरते, आंबटपणा उतरत नाही. तेव्हा पानं खुडायची, पण सकाळचं ऊन येतं त्या बाजूची आधी. त्यांचं हसू थांबलं. पुढचे प्रश्न त्यांनी नीट विचारले.

आंबट निघालेला घड तुम्ही बांधावर फेकायचात. मी आता त्याच आंबटपणाचा पगार घेणार आहे. नाक मुरडायचं तर मुरडा. आई फोनवर म्हणाली, "त्यांना काय वाटलं असतं गं?" मी म्हणाले, "राग आला असता. येऊ दे."

हे मी तिलाही वाचून दाखवणार नाही. घरी तुमच्यामुळे आणि इथे कायद्यामुळे, मी अजून वाइनचा एक घोटही घेतलेला नाही. मालकीणबाईंनी ते विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.