आधी मी बघून येतो

३ ऑगस्ट
या वहीची माफी मागतो. भिंगरीची आई गेल्यापासून एक ओळही लिहिली नाही. वेळ नव्हता म्हणणं खोटं ठरेल. धीर नव्हता.

आज मात्र लिहावंसं वाटतंय. बदलीचं गाव छान आहे. घर तिसऱ्या मजल्यावर, उजेडाचं. गॅलरीचा कठडा हलवून पाहिला, पक्का आहे. भिंगरी अकरा वर्षांची. हे टोपणनाव तिला शोभतं, एका जागी ठरत नाही. आमचं ठरलंय: दर रविवारी एक नवी जागा, एक नवी गोष्ट. अट माझी. शनिवारी आधी मी एकटा जाऊन बघून येणार. माझं कामच लिफ्ट तपासण्याचं. रिकाम्या लिफ्टमधून आधी मी जातो, मग माणसं. फोनवर ताई म्हणाली, तू तर तहान लागायच्या आधी पाणी तपासून ठेवशील. खूप हसलो. पण ही काळजी की भित्रेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

१० ऑगस्ट
स्केटिंग केलं! भिंगरी पाण्यासारखी वाहत गेली; मी कठडा धरून उभा, तरी आपटलो. बूट देणारा म्हणाला, काका, तुम्ही बसूनच शिका. भिंगरी घरी येईपर्यंत खिदळत होती. मग थोडी हिरमुसून म्हणाली, बाबा, एकदा तरी न बघता जाऊ या ना. मी नाही म्हणालो. उगाच कडक झालो का?

१६ ऑगस्ट
कुंभारकाम शिकवणाऱ्या बाईंकडे आज पहिल्यांदाच गेलो. चाक, भट्टी, सगळं बघायचं होतं. बाई मला बघताच म्हणाल्या, आज लेकीला कुठं सोडून आलात? फळीवर वाळणारे दोन पेले दाखवले, परवा तुम्ही दोघांनी केलेले, म्हणाल्या. तुमचा काहीतरी घोटाळा होतोय म्हटलं, तर हसल्या. परवा तर काय गप्पा मारत होतात, म्हणाल्या, आज अगदी पाहुण्यासारखे!

परवा दुपारभर मी लिफ्टच्या टपावर होतो. सहकाऱ्याला फोन करून विचारलं. माझ्या शेजारीच तर होतास, डोकं फिरलंय का, म्हणाला.

घरी आल्यावर भिंगरीला विचारलं. ती म्हणाली, बाबा, असं काय करतोस, तूच नाही का शाळेतून नेलंस? न बघता! आणि गळ्यात पडली. इतकी खूश तिला आई गेल्यापासून पाहिली नव्हती.

मी विसरतोय का? तसं असेल तर बरं, असं आज पहिल्यांदाच वाटलं.

१९ ऑगस्ट
रजा घेऊन शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो. सुटायच्या बऱ्याच आधीपासून. रखवालदार मला बघून दचकला. साहेब, काही विसरलं का, आत्ताच तर तिला घेऊन गेलात.

संध्याकाळी आली. केस ओले. गावाबाहेरच्या जुन्या खाणीत पाणी साठलंय, तिथे नेलं होतं. ती जागा मी बघून आलो होतो आणि तिला कधीच न्यायची नाही असं ठरवलं होतं. काठ ढासळलेला, खोली कुणालाच ठाऊक नाही. ती म्हणाली, आज काठाकाठानं, पुढच्या वेळी मधोमध.

पोलिसांना काय सांगू? माझी मुलगी मीच पळवतोय?

२० ऑगस्ट
शाळेत पाठवलं नाही. कडी लावून दारातच बसलोय. ताईचा फोन आला. म्हणाली, मघाशी किती दिवसांनी मोकळं हसलास रे, जिवाला बरं वाटलं.

त्याआधी आज मी कोणाशीच फोनवर बोललो नव्हतो.

२१
भिंगरी मला ‘तुम्ही’ म्हणाली. जेवताना. पाणी देता का, असं. रुसलीस का विचारलं, तर परक्याकडे बघावं तशी—

दुपार. तिच्या खोलीतून हसण्याचा आवाज. दोघांचा. दार उघडलं तर एकटीच. फरशीवर ओली पावलं. मोठ्या माणसाची. माझा पाय शेजारी ठेवून पाहिला नाही. ठेवायला हवा होता.

संध्याकाळ
ती समोर बसून केस विंचरतेय. शांत. म्हणाली, उद्या बाबा मला मधोमध नेणार आहे. मी म्हटलं, मीच तुझा बाबा. ती म्हणाली, हो, तो म्हणालाच होता तुम्ही असं म्हणाल म्हणून. तुम्ही काळजी करू नका, म्हणाली. तिथं कुणीतरी आधी उतरून बघणार आहे, मगच आम्ही.

कडीचा उपयोग नाही. तो दारातून येतच नाही. तिच्या आधी, त्याच्या आधी तिथं पोचलो तरच—

ताईला बोलावलंय. पण ती आली तर कोणाला ओळखेल?

उद्याचं काम: भिंगरी उठायच्या आत खाणीवर जायचं. आधी मी एकटा उतरून—